मुंबईचं बेरिंग

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक बेरिंग ठेवलेलं असतं. पोलादाच्या दोन कड्या, मधे छर्रे. बोटानं ढकललं की बराच वेळ फिरत राहतं. दुकानात येणारी माणसं बोलता बोलता ते फिरवतात आणि विचारतात, "कुठल्या मशीनचं हो हे?" मी सांगतो, "कुठल्याच नाही. माझ्या इंग्रजीचं आहे." म्हातारा चेष्टा करतोय असं वाटून लोक हसतात. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा असा आग्रह धरला, तेव्हा वाटलं की ही चेष्टा एकदा नीट सांगून टाकावी.

गोष्ट संस्थानच्या काळातली. कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मी नुकता बी.एस्सी. झालो होतो. वडील गडहिंग्लजच्या बाजारात हमाली करायचे. आमच्यासारख्यांची मुलं शिकावीत म्हणून थोरल्या महाराजांच्या वेळी कोल्हापुरात जी बोर्डिंगं निघाली, त्यांतल्या एका बोर्डिंगच्या जेवणावर मी पदवीपर्यंत पोचलो. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मी. पदवीच्या कागदाला आईनं हळदकुंकू लावलं होतं, त्याचा डाग अजून आहे. त्या जेवणाचं ऋण मी कधी विसरलो नाही. पण माझं इंग्रजी गडहिंग्लजच्या शाळेतलं होतं, हेही खरं. शब्दाचा एकच अर्थ पाठ केलेला असायचा आणि तोच सगळीकडे लावायचा.

रेडिओ आणि विजेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मला नोकरी लागली. मालकांना पाटीवर 'बी.एस्सी.' लिहायला माणूस हवा होता. तो मी झालो.

एके दिवशी पांढरा पटका बांधलेले, साठीच्या आसपासचे एक गृहस्थ दुकानात आले. पाटी नीट वाचून म्हणाले, "पावणं, ती बीएस्सी म्हंजे तुम्हीच काय?"

हे आप्पा चौगुले. जैन शेतकरी, उचगावला ऊस, गुऱ्हाळ. पण बायको पडली, खुब्याचं हाड मोडलं, डॉक्टर जवळ हवा म्हणून राजारामपुरीत नवं घर बांधून राहिलेले. तेव्हा राजारामपुरी म्हणजे आखलेले प्लॉट, बाभळी आणि मधे मधे एखादं घर.

"रेडिओ हाय माझ्याकडं," ते म्हणाले. "पर समोर पिठाची गिरणी हाय. ती सुरू झाली की रेडिओत नुसती खरखर. मुंबई ऐकू आली पायजे, गिरणी ऐकू येता कामा नये. आन हे सगळं खाली खाटंजवळच्या बटणानं झालं पायजे. नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवसाच्या आत."

"त्या दिवशी काय आहे?"

"बाजारभाव ऐकायचाय," आप्पा तुटक म्हणाले.

मी सुचवलं, "मग गिरणीवाल्यालाच सांगा की, संध्याकाळी अर्धा तास बंद ठेव म्हणून."

"कशापायी म्हणून सांगू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट वही काढून पत्ता लिहून घेतला.

हे काम मला पुस्तकामुळे माहीत होतं. घरावर जी साधी लांब तार बांधतात तिला सगळीकडचं ऐकू येतं, गिरणीचंही. याला उपाय म्हणजे चौकटीचं एरियल. माणसाएवढी लाकडी चौकट घ्यायची आणि तिच्याभोवती तारेचे वेढे द्यायचे. या चौकटीचा स्वभाव गमतीचा आहे. ती कडेनं ऐकते आणि तोंडावर बहिरी असते. जिकडे तिची कड, तिकडचं स्टेशन जोरात लागतं. जिकडे तिचं सपाट तोंड, तिकडचा आवाज बंद. कड थोडी इकडेतिकडे झाली तर चालतं. बहिरेपण मात्र फार नेमकं असतं, दोन-तीन अंश हललं की खरखर आत शिरते. आप्पांची गिरणी पूर्वेला आणि मुंबई उत्तरेला जराशी पश्चिमेकडे झुकलेली, म्हणजे जमण्यासारखं होतं. चौकट गच्चीवर उभ्या खांबावर बसवायची, मोटरनं फिरवायची आणि बटण खाली द्यायचं.

दुकानात यावर एकच इंग्रजी पुस्तक होतं. त्यात पहिलंच वाक्य होतं, की चौकट उभारण्यापूर्वी हव्या त्या स्टेशनचं बेरिंग मिळवावं. मी वाक्याखाली रेघ मारली. मुंबई स्टेशनचं बेरिंग. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला सुवाच्य इंग्रजीत लिहिलं की मुंबई स्टेशनसाठी लागणारी बेरिंगं, दोन नग, लवकर पाठवावीत, खांबाची जाडी अमुक. त्या भल्या माणसानं काही विचारलं नाही. माल रवाना करतो असं कळवलं.

लोखंडी काम हुसेन मिस्त्रींकडे दिलं. तेलाच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा हा माणूस. लेथवर उभा राहिला की आवाजावरून सांगायचा, हत्यार किती झिजलंय ते. पाटीवरच्या बी.एस्सी.ला तो एकटाच भीत नव्हता.

"बेरिंग मुंबईहून?" मिस्त्री म्हणाले. "का, कोल्हापुरात काय बांगड्या घडवत्यात व्हय?"

"स्टेशनप्रमाणे बेरिंग बदलतं, मिस्त्री. पुस्तकात आहे."

"असंल. पुस्तकात असंल." त्यांनी हात पुसले. "पर मला एक सांगा साहेब, तुमची चौकट मिनटाला फिरणार किती?"

"एक फेरा. तोही कधीतरी."

"आन छर्र्याचं बेरिंग असतंय हजार फेऱ्यांसाठी. तुमची चौकट काय लेझीम खेळणार हाय?"

मग त्यांनी मला जे शिकवलं ते चार वर्षांच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. उभ्या खांबाला दोन बेरिंगं लागतात आणि दोघांची कामं वेगळी. खालचं वजन पेलतं. त्याला जात्याची खीळ आठवायची. जात्याची वरची पाळ एवढी जड, पण एका टोकावर बाईमाणूस तासभर फिरवतं. खांबाचं टोक कडक करायचं, खाली वाटी, त्यात एक पोलादी गोळी, एरंडेलाचे चार थेंब. वरचं वजन घेत नाही, वारं घेतं. चौकट म्हणजे शीडच, वारा तिला ढकलत राहणार. तिथं गनमेटलचा साधा बुश, म्हणजे खांबाभोवती बसणारी धातूची नळी, घालायचा, जरा घट्टच.

"घट्ट का? मोकळं फिरलं तर मोटरला सोपं."

"मोटरला सोपं, वाऱ्याला बी सोपं," मिस्त्री म्हणाले. "बुश थोडं धरून ठेवतोय. लई मोकळं बरं न्हाय साहेब."

खालच्या गोळीला मी कबूल झालो. वर मात्र मुंबईचंच बेरिंग, यावर अडून बसलो.

मोटर टेबलावरच्या पंख्याची घेतली. ग्रामोफोनची चावीची मोटर मिस्त्रींनी सुचवली होती, पण रोज गच्चीवर चावी द्यायला कोण जाणार? पंख्याची मोटर वाऱ्यासारखी फिरते, तिची गती उतरवायला मिस्त्रींनी मळसूत्र आणि दात्यांचं चाक अशा दोन जोड्या बसवल्या. मळसूत्राचा फायदा असा की ते चाकाला फिरवतं, चाक त्याला फिरवू शकत नाही. म्हणजे मोटर थांबली की चौकट जागच्या जागी राहणार. निदान माझी तशी समजूत होती.

पार्सलची वाट पाहत मी एका दुपारी आप्पांच्या गच्चीवर खांबाचा पाया बसवत होतो. खाली पोस्टमनचा आवाज आला, "आप्पा, बेरिंग हाय!"

मी कठड्यावरून वाकलो आणि आनंदानं ओरडलो, "आलं का मुंबईचं बेरिंग? घ्या, घ्या आप्पा, लगेच घ्या! त्याच्यावाचून सगळं अडलंय!"

खाली आप्पांच्या हातात एक पाकीट होतं. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता. पाकीट पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि पोस्टमनला दिलं. "परत."

"आप्पा, अवो, पोराचंच अक्षर हाय की."

"दिसतंय मला. परत ने."

हल्लीच्या मुलांना सांगायला हवं, की तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला बेरिंग पत्र म्हणत. टपालखर्च घेणाऱ्यानं द्यायचा. नको म्हटलं की पत्र पाठवणाऱ्याकडे परत. हा अर्थ मला माहीत होता, पण त्या घटकेला डोक्यात दुसरंच बेरिंग फिरत होतं.

मी ओशाळून खाली आलो. आतल्या खोलीतून हाक आली, "बाळ, हिकडं ये." आप्पांच्या पत्नी खाटेवर पडून होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. डोळे भरलेले, पण हसत होत्या. "लई दिवसांनी कुणीतरी ह्यांना 'घ्या' म्हणून वरडलं बघ," त्या म्हणाल्या. "माझ्यानं तेवढ्या जोरानं वरडवत न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. एकच मुलगा, बाबू. गुऱ्हाळावर बसवला तर रिकाम्या गुळाच्या डब्यांवर ताल धरायचा. घरात भांडण झालं. चौगुल्यांचा मुलगा गाणाऱ्यांच्या मागं बसून तबला बडवणार का, असं आप्पा म्हणाले, आणि तो मुंबईला निघून गेला. त्याला तीन वर्षं झाली होती. पत्रं बेरिंग पाठवायचा.

"पैसे नसतील म्हणून?"

"पैशाचं न्हाय रे. तिकीट लावलं तर पत्र दारात येऊन पडतंयच. बेरिंगाचं तसं न्हाय. घेणाऱ्यानं हात पुढं करून घ्यावं लागतंय. त्याला बघायचंय, आप्पा घेत्यात का. आन ह्यो बी त्याचाच बाप. घेत न्हाईत, पर परत द्यायच्या आधी दोन्ही बाजू वाचत्यात. बाबूला ते ठावं हाय. म्हणून त्यो आता सांगायचं ते पाकिटाच्या मागंच लिवतोय. गेल्या खेपंला लिवलेलं, नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सांजचं मुंबईच्या रेडिओवर वाजवणार म्हणून. पोस्टमननं मला वाचून दाखवलं. ह्यांनी पत्र परत केलं आन चार दिवसांनी तुझ्या दुकानात आले."

बाजारभाव कुठला ते मला तेव्हा कळलं.

"तबल्यावाल्याचं नाव रेडिओत सांगत न्हाईत म्हणं," अक्का म्हणाल्या. "गाणाऱ्याचंच सांगत्यात. पर मी वळखीन. गिरणी तेवढी ऐकू येऊ देऊ नको बाळ."

त्यानंतर मी ते काम दुकानाचं म्हणून केलं नाही.

पार्सल आलं. चकाकणारी दोन बेरिंगं, तेलकट कागदात. मिस्त्रींनी एक बोटावर फिरवलं आणि खांबाच्या वर बसवून दिलं. दुसरं तेच, जे माझ्या टेबलावर आहे. चौकट बोटाच्या स्पर्शानं फिरू लागली. मी छाती काढून खाली गेलो आणि बटण दाबलं.

मोटर फिरली आणि रेडिओत गिरणीच्या वरताण खर्रर्र सुरू झालं. मोटरच्या ब्रशांजवळ ठिणग्या उडतात, रेडिओला त्या वादळासारख्या ऐकू येतात. मोटर थांबवली की आवाज बंद, पण चौकट कुठं थांबवायची हे कळणार कसं? फिरत असताना ऐकू येत नाही आणि ऐकू येतं तेव्हा ती फिरत नाही. दोन संध्याकाळी मी बटण दाबून सोडत बसलो. एकदा गिरणी गेली तर मुंबईही गेली. एकदा दोन्ही आली. आप्पा दारात उभे राहून पाहत होते. "व्हईल न्हवं, बीएस्सी?" असं एकदाच विचारलं, तेही हळू आवाजात. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी ते पुस्तक पुन्हा उघडलं. पहिलं वाक्य, माझी रेघ. आणि खालच्या ओळीत, जी मी वाचून सोडून दिली होती, तिच्यात लिहिलं होतं की बेरिंग उत्तरेपासून अंशांत मोजावं.

अंशांत? छर्र्यांचं बेरिंग अंशांत कसं मोजणार? मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो आणि मग कान तापले. बेरिंग म्हणजे दिशा. मुंबईचं बेरिंग म्हणजे इथून मुंबई कुठल्या दिशेला आहे ते. आधी दिशा काढून ठेवायची, खुणेवर चौकट थांबवायची. मोटर फिरताना ऐकायची गरजच नव्हती.

मिस्त्रींना सांगावं की नाही, याचा विचार मी त्यांच्या कारखान्याच्या दारापर्यंत करत होतो. शेवटी सांगितलं. ते लेथ बंद करून स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजे मुंबईचं बेरिंग हितंच हुतं की राव! आप्पाच्या गच्चीवर! आन आपण पार्सल मागवलंय!" मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला. अजून एक दिवस हाय."

त्या संध्याकाळी मोटर सोडवून ठेवली. मिस्त्री गच्चीवर हातानं चौकट फिरवत होते, मी खाली रेडिओशी. गिरणी चालूच होती. "जरा डावीकडं! अजून! थांबा!" गिरणी एकदम गेली. जणू कुणी दार लावलं. आणि मागून मुंबईच्या बातम्या स्वच्छ. मिस्त्रींनी खांबावर खडूची रेघ मारली आणि चौकट तिथंच अडावी म्हणून खुंटी ठोकली. मग मोटर पुन्हा जोडली. आता बटण दाबायचं, चौकट खुंटीला टेकली की सोडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वारा सुटला. श्रावणातला कोल्हापूरचा वारा, सोबत भुरभुर. संध्याकाळी अक्कांना उशा लावून बसतं केलं होतं. आप्पा खोलीत आलेच नाहीत, दाराच्या चौकटीला पाठ लावून बाहेर तोंड करून उभे राहिले. मी बटण दाबलं, सोडलं. गिरणी गेली. निवेदकानं गायकाचं नाव सांगितलं. तंबोरे लागले.

आणि खरखर आत आली. गेली. पुन्हा आली.

मला तत्क्षणी कळलं. मळसूत्र आणि चाकाच्या दात्यांत तांदळाएवढी फट असतेच. चौकट खुंटीकडून मागं तेवढी हलू शकत होती. वर घट्ट बुश असता तर त्यानं धरून ठेवली असती. मी लावलेलं मुंबईचं बेरिंग इतकं मोकळं, की प्रत्येक झुळकीला चौकट तेवढी डोलत होती, आणि तेवढं डोलणं गिरणीला आत यायला पुरेसं होतं.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते खोलीत नव्हते. जिन्यावर पावलं वाजली आणि पुढच्या क्षणी खरखर तुटली. परत आली नाही.

गच्चीवर, पावसात, हुसेन मिस्त्री दोन्ही हातांनी खांब खुंटीला दाबून उभे होते.

गाणं सुरू झालं. खाली तबला ऐकू येत होता, डग्ग्याचा घुमाराही. पण मला त्यातलं कळत नव्हतं, आणि अक्का डोळे मिटून नुसत्या बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. पहिली चीज संपली. दुसरीच्या आधी तबलजीनं सूर तपासला, हातोडीचे दोन हलके ठोके, आणि मग डग्ग्यावर उगाच एक थाप, घसा खाकरल्यासारखी.

"त्योच!" अक्कांनी माझं मनगट धरलं. "डब्यावर बी असंच करायचा. सुरू करायच्या आधी एक थाप. अवो, त्योच हाय!"

आप्पा वळले नाहीत. बाहेर तोंड करूनच म्हणाले, "मला काय सांगतीस, कान हायत मला." मग थोड्या वेळानं, "बीएस्सी, वर जाऊन हुसेनला सांग, हलू नको म्हणावं. आन माझं घोंगडं घिऊन जा त्याच्यासाठी."

मी घोंगडं घेऊन गेलो. मिस्त्रींच्या खांद्यावर टाकलं. "ऐकू येतंय का खाली?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "वळखलं अक्कानं?" मी पुन्हा मान हलवली. मी धरतो, तुम्ही खाली जाऊन ऐका, असं म्हटलं. ते म्हणाले, "हात बदलताना हललं तर? जा तुम्ही." कार्यक्रम संपेपर्यंत ते तिथंच होते. त्या सगळ्या प्रकारात ज्याचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं, त्या एकट्यानं काहीच ऐकलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. दोन दिवसांनी आम्ही वर गनमेटलचा बुश घातला, घट्ट. बसवताना मिस्त्रींनी मला एका शब्दानं टोमणा मारला नाही. तेही टोचतं.

आठवड्याभरानं आप्पा दुकानात आले. हातात कोरं पाकीट. "ह्याच्यावर बाबूचा पत्ता घाल, इंग्रजीत. परत केलेल्या पाकिटांवर बघून पाठ झालाय मला." त्यांनी पत्ता सांगितला, मी लिहिला.

"आत काय लिहू?"

"आत कायबी नको. आतलं हितं आल्यावर बोलू." त्यांनी पाकीट उलटं केलं आणि बोट ठेवलं. "मागं लिव. मराठीत. 'ऐकलं.' एवढंच."

मी लिहिलं, चिकटवलं आणि तिकिटासाठी खण उघडला. आप्पांनी माझा हात धरला.

"तिकीट लावू नको. त्यालाबी हात पुढं करू दे की."

पुढचे पंधरा-वीस दिवस मी काही ना काही निमित्तानं राजारामपुरीत जात होतो. दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला आप्पा आधीच दारात उभे असायचे. सायकल दिसली की विचारायचे, "आपलं पाकीट परत आलंय काय रे?"

"न्हाय आप्पा."

आणि आप्पा आत वळून, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात अक्कांना सांगायचे, "अगं, आज बी न्हाय आलं!"